कृषिपंपाचा स्वयंचलित स्टार्टर

कृषिपंपाचा स्वयंचलित स्टार्टर हे विहिरीवरील किंवा कूपनलिकेवरील विजेची मोटार, वीजपुरवठा आल्यावर माणसाने कळ न दाबता सुरू करणारे नियंत्रण-उपकरण होय. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याला 'ऑटो' किंवा 'ऑटोस्विच' म्हणतात. महाराष्ट्रात, विशेषतः जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत, शेतीचा तीन फेजचा पुरवठा ठराविक तासांपुरता आणि आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत असल्याने या उपकरणाचा प्रसार झाला. एका शेतकऱ्याची रात्रीची फेरी ते वाचवते. मात्र एकाच रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू करून तेच उपकरण रोहित्र जळण्यासही कारणीभूत ठरते. त्यामुळे या उपकरणाच्या परिपथाचा आराखडा करताना 'मोटार कशी सुरू करावी' यापेक्षा 'मोटार किती थांबून सुरू करावी' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या खानदेशात विहिरीवरचे बागायत जुने आहे. बैलांच्या मोटेची जागा पुढे तेलावर चालणाऱ्या इंजिनांनी आणि नंतर विजेच्या मोटारींनी घेतली. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी ओळखले जातात. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीचे पीक वर्षभर शेतात उभे असते आणि उन्हाळ्यात त्याचे पाणी चुकवून चालत नाही. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या उत्पादनाचेही मोठे केंद्र असून भवरलाल जैन यांनी स्थापन केलेला उद्योग तेथेच वाढला. ठिबकमुळे पाणी कमी लागते. परंतु ते ठराविक दाबाने आणि नियमितपणे द्यावे लागते, म्हणजे मोटार वेळेवर चालणे अधिकच गरजेचे होते.

दोन जिल्ह्यांतील भूजलाची स्थिती सारखी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरच्या बाजूस गाळाचा जाड थर आहे. तेथे कूपनलिका खोल असतात आणि पाणबुडी मोटारी अधिक अश्वशक्तीच्या लागतात. धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्या खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरात साठणारे पाणी मर्यादित असल्याने उन्हाळ्यात अनेक विहिरी थोड्या वेळात उपसल्या जातात आणि पुन्हा भरण्यास काही तास घेतात. म्हणून जळगावच्या केळीपट्ट्यात मोटार जळण्यापासून वाचवणे, तर धुळ्याच्या बेसाल्टी भागात मोटार कोरडी चालण्यापासून वाचवणे, ही नियंत्रण-परिपथाकडून पहिली अपेक्षा असते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाले. तेव्हापासून वीजवितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीकडे, म्हणजे महावितरणकडे आहे. शेतीच्या वाहिन्यांवर तीन फेजचा पुरवठा साधारणतः ८ ते १० तास मिळतो आणि आठवड्यातील काही दिवस ही पाळी रात्रीची असते. रात्री मोटार सुरू करण्यासाठी शेतात जाणाऱ्यास अंधार, सर्प, ओली जमीन आणि काही भागांत बिबट्या यांचा धोका असतो. 'ऑटो'ची मागणी यातून निर्माण झाली.

साध्या स्टार्टरची रचना

स्वयंचलित स्टार्टर समजण्यासाठी आधी साधा स्टार्टर समजणे आवश्यक आहे. त्याचे चार मुख्य भाग असतात.

१. कॉन्टॅक्टर : विद्युतचुंबकाने ओढले जाणारे तीन जाड संपर्क. चुंबकाच्या वेटोळ्यातून (कॉइलमधून) प्रवाह वाहू लागला की संपर्क जुळतात आणि मोटारीस तिन्ही फेज मिळतात.

२. हिरवी व लाल कळ : हिरवी कळ दाबेपर्यंत उघडी असते, लाल कळ दाबेपर्यंत जुळलेली असते. हिरवी दाबल्यावर कॉइलला पुरवठा मिळतो. लाल दाबल्यावर तो तुटतो.

३. धारक संपर्क : कॉन्टॅक्टरबरोबर हलणारा लहान संपर्क. तो हिरव्या कळीस समांतर जोडलेला असतो. त्यामुळे कळ सोडल्यावरही कॉइलचा पुरवठा टिकून राहतो.

४. अतिभार रिले : प्रवाह ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ अधिक राहिल्यास, दोन धातूंच्या जोडपट्ट्या तापून वाकतात आणि कॉइलचा मार्ग तोडतात.

या रचनेत एक महत्त्वाचे संरक्षण आपोआप मिळते. वीज गेली की चुंबक सुटतो, धारक संपर्क उघडतो आणि वीज परत आली तरी कोणी कळ दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. हा स्टार्टरचा दोष नसून जाणीवपूर्वक ठेवलेली सोय आहे. अचानक आलेल्या विजेने यंत्र आपोआप सुरू होऊन दुरुस्ती करणाऱ्याला इजा होऊ नये, तसेच सर्व यंत्रांचा भार एकदम येऊ नये, हे तिचे दोन हेतू आहेत. 'ऑटो' बसवणे म्हणजे ही सोय बाजूला सारणे होय. म्हणून तिने सांभाळलेली दोन्ही कामे नव्या परिपथाला दुसऱ्या मार्गाने करावी लागतात.

लहान मोटारी बहुधा थेट पूर्ण दाबावर सुरू केल्या जातात. मोठ्या मोटारींसाठी स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. त्यात सुरुवातीस प्रत्येक गुंडाळीवर पूर्ण दाबाच्या सुमारे ५८ टक्के दाब येतो. त्यामुळे वाहिनीतून घेतला जाणारा प्रवाह एक-तृतीयांश होतो, परंतु मोटारीचा सुरुवातीचा पिळही एक-तृतीयांशच राहतो.

एका रोहित्रावरील गर्दी

विजेची मोटार सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. वेग आल्यावर, म्हणजे काही क्षणांत, तो पूर्वपदावर येतो. एका मोटारीपुरते पाहिल्यास ही बाब किरकोळ आहे. एकाच रोहित्रावर दहा मोटारी असल्यास तिचे स्वरूप बदलते. पुढील गणित उदाहरणादाखल आहे.

ग्रामीण भागात 'डीपी' या नावाने ओळखले जाणारे ६३ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे रोहित्र ४३३ व्होल्टला प्रत्येक फेजमधून सुमारे ८४ अँपिअर प्रवाह देऊ शकते. पाच अश्वशक्तीची एक मोटार चालू स्थितीत सुमारे ८ अँपिअर घेते असे धरल्यास दहा मोटारींना ८० अँपिअर लागतात. हा भार रोहित्राच्या क्षमतेत बसतो. परंतु वीज येताच दहाही मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर सहापट प्रवाहाच्या हिशेबाने मागणी ४८० अँपिअरपर्यंत, म्हणजे क्षमतेच्या साडेपाच पटींहून अधिक होते.

प्रत्यक्षात इतका प्रवाह मिळत नाही, कारण दाब खाली कोसळतो. येथूनच खरी अडचण सुरू होते. मोटारीचा पिळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब ७० टक्क्यांवर आला की पिळ जवळजवळ निम्मा होतो. अशा स्थितीत एकही मोटार पूर्ण वेग घेऊ शकत नाही. सर्व मोटारी घुमत राहतात आणि सुरुवातीचा मोठा प्रवाह काही क्षणांऐवजी बराच वेळ वाहत राहतो. मग फ्यूज वितळतात. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असल्यास मोटारींच्या गुंडाळ्या किंवा रोहित्र जळते. रोहित्र बदलून मिळेपर्यंत त्यावरील सर्वांचे पाणी बंद राहते. 'ऑटो' न लावणाराही त्यातून सुटत नाही.

याच दहा मोटारी एकामागून एक सुरू झाल्या तर चित्र वेगळे दिसते. शेवटची मोटार सुरू होताना आधीच्या नऊ मोटारींचे ७२ आणि तिचे स्वतःचे ४८ असे १२० अँपिअर लागतात आणि तेही काही क्षणच. रोहित्र एवढा अल्पकालीन भार सहन करते. दोन्ही प्रसंगांत मोटारी, रोहित्र आणि वीज तीच आहेत. फरक केवळ वेळेच्या अंतराचा आहे.

या कारणाने महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून टाकण्याचे आणि मोटारीस योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वेळोवेळी करत असते. शेतकऱ्याची बाजूही तितकीच खरी आहे. मध्यरात्री आलेल्या विजेचे काही तास वाया गेल्यास त्या पाळीचे पाणी जाते. विलंब-परिपथ असलेला स्टार्टर हा या दोन बाजूंमधील तांत्रिक मार्ग आहे.

विलंब-परिपथ

विलंब-परिपथाचे काम असे : तिन्ही फेज आल्यावर वेळ मोजण्यास सुरुवात करणे, मधल्या काळात फेज गेल्यास किंवा दाब बिघडल्यास मोजणी शून्यावर आणणे आणि ठरलेला वेळ निर्वेध पूर्ण झाल्यावरच कॉइलला पुरवठा देणे.

विलंबाचा लाभ ज्याची मोटार आहे त्यालाही होतो. वीज क्षणभर जाऊन लगेच आल्यास नळातील पाण्याचा स्तंभ खाली उतरत असतो. उलट-प्रवाह झडप नसल्यास तो पंपाला उलट फिरवतो. उलट फिरणाऱ्या पंपाला त्याच क्षणी सुलट दिशेचा झटका बसला तर दांडा व जोड यांवर मोठा ताण येतो. थोडा वेळ थांबल्यास पाणी स्थिर होते.

सर्व शेजाऱ्यांनी एकच विलंब ठेवल्यास काहीच साधत नाही. गर्दी टळत नाही, ती फक्त तेवढ्या सेकंदांनी पुढे जाते. प्रत्येक मोटारीचा विलंब निराळा असावा लागतो. दहा मोटारींमध्ये २० सेकंदांचे अंतर ठेवल्यास शेवटची मोटार पहिलीनंतर १८० सेकंदांनी, म्हणजे तीन मिनिटांनी सुरू होते. आठ तासांच्या पाळीत हे नुकसान नगण्य आहे. मात्र कोणी किती विलंब ठेवायचा, हे एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसात ठरवावे लागते. परिपथ वेळ मोजतो, क्रम माणसांनाच लावावा लागतो.

आराखड्यातील नेहमीचे प्रश्न

तंत्रनिकेतन व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे विद्यार्थी, मोटार भरणारे कारागीर आणि हौशी अभ्यासक यांना असा परिपथ बांधताना पुढील प्रश्न वारंवार पडतात.

विलंब उन्हाळ्यात का बदलतो?

विलंबासाठी '५५५' ही एकात्मिक चकती सर्वपरिचित आहे. हान्स कॅमेंझिंड यांनी तिचा आराखडा केला आणि सिग्नेटिक्स कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली. तिचा विलंब, १.१ गुणिले रोध गुणिले धारकता, या सूत्राने मिळतो. १ मेगओहम रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास विलंब ११० सेकंद येतो.

कागदावर बरोबर असलेले हे गणित शेतात चुकते. पुरवठा १२ व्होल्ट असताना कपॅसिटर ८ व्होल्टपर्यंत भरावा लागतो. त्या टोकाला रोधावर केवळ ४ व्होल्ट उरतात, म्हणजे कपॅसिटरकडे फक्त ४ मायक्रोअँपिअर प्रवाह येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून होणारी गळतीही याच सुमाराची असू शकते आणि ती तापमानाबरोबर वाढते. भुसावळ-जळगाव परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ते त्याहून पुष्कळ अधिक असते. गळती येणाऱ्या प्रवाहाइतकी झाली की कपॅसिटर ८ व्होल्टपर्यंत पोहोचतच नाही आणि मोटार कधीच सुरू होत नाही.

उपाय असा की मोठा रोध व मोठा कपॅसिटर यांवर अवलंबून न राहता लहान काळाचे ठोके निर्माण करून ते मोजावेत. '४०६०' या चकतीत दोलक व गणक एकत्र असतात. ६८ किलोओहम रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्म कपॅसिटर घेतल्यास एका ठोक्यास सुमारे १५ मिलिसेकंद लागतात. तिचे शेवटचे टोक ८१९२ ठोक्यांनंतर, म्हणजे सुमारे १२० सेकंदांनी बदलते. आधीच्या टोकांवर सुमारे ६०, ३० आणि ८ सेकंद मिळतात, त्यामुळे शेजाऱ्यांना निरनिराळे विलंब निवडता येतात. सूक्ष्मनियंत्रक वापरल्यास हेच काम आज्ञावलीतून होते.

वीज पुन्हापुन्हा गेल्यास विलंब कमी का भरतो?

'५५५'च्या परिपथात वीज गेल्यावर कपॅसिटरमधील भार लगेच रिता होत नाही. वीज काही सेकंदांत परतल्यास मोजणी अर्ध्यावरून सुरू होते. वेळ ठरवणाऱ्या रोधास समांतर एक डायोड, त्याचे धन टोक कपॅसिटरकडे व ऋण टोक पुरवठ्याकडे ठेवून जोडल्यास, पुरवठा जाताच कपॅसिटर त्यातून रिता होतो. गणक वापरल्यास पुरवठा येताना त्याला शून्यावर आणणारा स्पंद द्यावा लागतो.

रिले चालवणारा ट्रान्झिस्टर का जळतो?

१२ व्होल्टच्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम असल्यास त्यातून ३० मिलिअँपिअर वाहतात. 'बीसी ५४७' ट्रान्झिस्टर एवढा प्रवाह सहज पेलतो. तो जळतो तो रिले बंद होताना. वेटोळ्यातील प्रवाह अचानक तुटला की त्यातील चुंबकीय ऊर्जा मोठा उलट दाब निर्माण करते. तो ट्रान्झिस्टरच्या ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जातो. वेटोळ्यास समांतर 'वन एन ४००७' हा डायोड उलट दिशेने जोडल्यास प्रवाहाला फिरण्यास वाट मिळते. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडावा म्हणून बेसला वेटोळ्याच्या प्रवाहाचा दहावा भाग, म्हणजे ३ मिलिअँपिअर द्यावेत. त्यासाठी १२ व्होल्टच्या संकेतास सुमारे ३.९ किलोओहम रोध योग्य ठरतो.

ट्रान्सफॉर्मरविना पुरवठा घेता येईल का?

एका कपॅसिटरने दाब उतरवून स्वस्त पुरवठा मिळवण्याची पद्धत प्रचलित आहे. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झला सुमारे ३४ मिलिअँपिअर देतो. परंतु यात संपूर्ण परिपथ वाहिनीशी थेट जोडलेला राहतो. १२ व्होल्टच्या समजल्या जाणाऱ्या टोकाला हात लावणेही प्राणघातक ठरू शकते. ओल्या जमिनीवर, अनवाणी वापरल्या जाणाऱ्या उपकरणात ही पद्धत टाळावी. शिवाय शेतातील न्यूट्रल तार भरवशाची नसते. ती तुटल्यास २४० व्होल्टसाठी बांधलेल्या भागावर दोन फेजमधील दाबाचा मोठा वाटा येऊ शकतो. म्हणून नियंत्रण-परिपथाचा लहान ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टच्या प्राथमिक गुंडाळीचा घेऊन दोन फेजमध्ये जोडणे अधिक सुरक्षित असते.

मोटार लागताच स्टार्टर टकटक का करतो?

दाब कमी झाल्यास मोटार बंद करणारा परिपथ फार काटेकोर ठेवला की हा दोष दिसतो. मोटार सुरू होताना दाब खाली येतो, परिपथ तिला बंद करतो, दाब पूर्ववत होतो, परिपथ पुन्हा सुरू करतो. हे चक्र कॉन्टॅक्टरचे संपर्क जाळते. सुरू करण्याची दाबमर्यादा आणि बंद करण्याची दाबमर्यादा यांत पुरेसे अंतर ठेवणे, सुरुवातीच्या काही सेकंदांतील दाबाच्या घटीकडे दुर्लक्ष करणे आणि प्रत्येक वेळी पूर्ण विलंब नव्याने मोजणे, हे त्यावरील उपाय होत.

फेज जाणे आणि त्यापासून संरक्षण

तीन फेजपैकी एक फेज गेल्यास चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढत राहते. थांबलेल्या मोटारीला दोनच फेज मिळाल्यास ती फिरत नाही, केवळ घुमते आणि थोड्याच वेळात गुंडाळी जळते. यापासून वाचवणाऱ्या उपकरणास सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणतात.

हे उपकरण केवळ दाब मोजणारे असल्यास फसू शकते. चालू मोटार गेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच दाब निर्माण करते; तो मूळ दाबाच्या बराच जवळ असतो. म्हणून फेज 'आहे की नाही' एवढेच न पाहता तिन्ही फेजमधील असमतोल मोजावा लागतो, किंवा प्रवाह-रोहित्रे बसवून प्रत्येक फेजचा प्रवाह पाहावा लागतो. दुसरी पद्धत महाग परंतु अधिक खात्रीची आहे, कारण स्टार्टर आणि मोटार यांच्यामधील केबल तुटली तरी ती ओळखते. चांगल्या उपकरणात फेजचा क्रमही तपासला जातो. वाहिनीच्या दुरुस्तीनंतर दोन फेज अदलाबदल होऊन जोडले गेल्यास मोटार उलट फिरते आणि पाणी फारच कमी येते.

फेज-संरक्षणाविना 'ऑटो' लावणे हे सर्वांत घातक समजले जाते. कळ दाबणारा माणूस मोटारीचा आवाज ऐकून ती बंद तरी करतो. 'ऑटो'ला कान नसतात.

कोरडी मोटार

पाण्याविना चालणारी पाणबुडी मोटार थंड राहत नाही आणि तिचे बेअरिंग व सील खराब होतात. त्यापासून वाचवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर विद्युताग्रे सोडून पाण्याची पातळी पाहतात. विद्युताग्रांना एकदिश दाब दिल्यास विद्युत अपघटनाने ती झिजतात, म्हणून अल्प प्रत्यावर्ती दाब वापरतात. दुसऱ्या पद्धतीत मोटारीचा प्रवाह पाहतात. पाणी संपले की भार कमी होतो आणि प्रवाह घटतो. दुसरीत विहिरीत काही सोडावे लागत नाही, मात्र मर्यादा त्या त्या मोटारीनुसार ठरवावी लागते.

बेसाल्टी भागातील विहिरींसाठी मोटार बंद करणे पुरेसे नसते. विहीर पुन्हा भरल्यावर ती सुरूही व्हावी लागते. अशा वेळी तळाजवळ एक आणि वर एक अशी दोन विद्युताग्रे ठेवतात. पाणी खालच्या अग्राखाली गेले की मोटार थांबते आणि वरच्या अग्रापर्यंत आल्यावरच विलंब-परिपथाची मोजणी पुन्हा सुरू होते.

मोबाईल स्टार्टर

भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर, घरून फोन किंवा लघुसंदेश करून मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर आले. फेज आली, मोटार लागली, पाणी संपले अशा सूचनाही ते देतात. साध्या 'ऑटो'पेक्षा त्यांचा मोठा फायदा म्हणजे मोटार सुरू करण्याचा निर्णय पुन्हा माणसाकडे येतो, त्यामुळे सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होण्याचा संभव कमी होतो.

बांधणीत नेहमी आढळणारा दोष म्हणजे संदेश पाठवताना उपकरण बंद पडून पुन्हा सुरू होणे. जीएसएम मॉड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते. पुरवठा किंवा तारा तेवढ्या समर्थ नसल्यास दाब घसरतो आणि सूक्ष्मनियंत्रक नव्याने सुरू होतो. मॉड्यूलच्या अगदी जवळ किमान १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे आणि जोडतारा आखूड व जाड ठेवणे हा त्यावरील उपाय होय. उपकरण नव्याने सुरू झाल्यास मोटार बंद स्थितीतच राहील, अशी आज्ञावली असावी.

कपॅसिटर

मोटारीस समांतर बसवलेला कपॅसिटर शक्तिगुणक सुधारतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीस साधारणतः २ किलोव्हारचा कपॅसिटर सुचवला जातो. वरील उदाहरणातील मोटारीचा शक्तिगुणक ०.८ धरल्यास, तो लावल्यावर वाहिनीतून घेतला जाणारा प्रवाह ८ अँपिअरवरून सुमारे ७ अँपिअरपर्यंत उतरतो. एकट्या शेतकऱ्यास हा फरक जाणवत नाही. दहा मोटारींवर मात्र रोहित्राचा सुमारे १० अँपिअर भार हलका होतो आणि वाहिनीच्या टोकाकडील शेतात दाब सुधारतो.

कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या मोटारीकडील बाजूस असावा, म्हणजे मोटार बंद झाल्यावर तो वाहिनीवर राहत नाही. अतिभार रिलेच्या पुढे, मोटारीच्या टोकांवर तो जोडल्यास रिलेतून जाणारा प्रवाह कमी होतो, म्हणून रिलेची मर्यादाही तितकी खाली आणावी. गरजेपेक्षा मोठा कपॅसिटर लावू नये. वीज गेल्यावर फिरत्या मोटारीच्या टोकांवर त्यामुळे जादा दाब निर्माण होऊ शकतो. स्टार-डेल्टा मोटारीत तो गुंडाळीच्या टोकांवर न जोडता स्वतंत्र संपर्कातून जोडणे योग्य असते.

सुरक्षितता

'ऑटो' असलेली मोटार बंद दिसत असली तरी ती केव्हाही सुरू होऊ शकते. दुरुस्तीपूर्वी केवळ लाल कळ दाबणे किंवा 'आता लाईट नाही' असे गृहीत धरणे पुरेसे नाही. मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून घ्यावेत आणि ते काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावेत. विहिरीत उतरताना हे विशेष कटाक्षाने पाळावे. स्टार्टरची लोखंडी पेटी आणि मोटार यांना स्वतंत्र भूसंपर्क असावा. पेटीवर 'ही मोटार आपोआप सुरू होते' अशी ठळक मराठी सूचना लिहावी. शेतात काम करणारे सालदार व मजूर यांना स्टार्टरची रचना ठाऊक असेलच असे नाही. कपॅसिटरमध्ये वीज गेल्यावरही भार राहतो, त्यामुळे तो रिता झाल्याची खात्री केल्याशिवाय टोकांना हात लावू नये. वाहिनीवरचे जोडकाम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

दिवसाची वीज आणि पुढील बदल

रात्रीची पाळी हे 'ऑटो'चे मूळ कारण असल्याने, दिवसा वीज मिळाल्यास त्याची गरज कमी होते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. शेतीच्या वाहिन्यांना सौरऊर्जेद्वारे दिवसा वीज देणे हा तिचा उद्देश आहे. केंद्र शासनाच्या २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेत स्वतंत्र सौरपंपांचाही समावेश आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे.

स्वतंत्र सौरपंपाचा नियंत्रक मोटारीचा वेग ऊन वाढेल तसा हळूहळू वाढवतो. त्यात सुरुवातीच्या मोठ्या प्रवाहाचा आणि सामाईक रोहित्राचा प्रश्नच उद्भवत नाही. वाहिनीवरील मोटारींना मात्र, वीज दिवसा आली तरी, ती सर्वांना एकाच क्षणी मिळते. त्यामुळे जेथे दहा शेतकरी एका रोहित्रावर आहेत, तेथे प्रत्येकाने निराळा विलंब ठेवण्याची गरज कायम राहते.

हे सुद्धा पहा

प्रवर्तन मोटार
रोहित्र
शक्तिगुणक
ठिबक सिंचन
खानदेश
महावितरण